लहान मुलांचे जुलाब टाळण्यासाठी सांभाळणाऱ्यांनी घ्यायची काळजी

मूल रांगू लागले की हाताला येईल ते तोंडात घालते आणि नेमके त्याच वयात त्याला वरचेवर जुलाब होतात. ‘दात येताहेत, होणारच’ असे म्हणून घरचे ते सोडून देतात. परंतु दात येण्याने जुलाब होत नाहीत, विष्ठेतील जंतू तोंडावाटे पोटात गेल्याने होतात. हे जंतू बाळापर्यंत पोहोचवण्यात सांभाळणाऱ्यांच्या हातांचा वाटा मोठा असतो, म्हणून सुरुवात हातांपासून करावी.

शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि बाळाला भरवण्यापूर्वी हात साबणानेच धुवावेत. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ दिसले तरी जंतू पुरेसे निघत नाहीत. बोटांच्या बेचक्या, नखे आणि अंगठे किमान 20 सेकंद चोळावे लागतात. या चार वेळांपैकी दुसरी सहज राहून जाते, कारण तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते असा समज अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात तिच्यातूनही रोग पसरतो. ती उकिरड्यावर किंवा अंगणाच्या कडेला न टाकता शौचालयातच टाकावी आणि दुपटी साबणाने धुवून कडक उन्हात वाळवावीत. साबण मोरीत एक आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी एक असा ठेवला, तर घाईच्या वेळीही हात धुणे टळत नाही.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही, आणि मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये. गुटी देणाऱ्या आजीची माया खरी असते, तरीही सहाण, उगाळण्याचे पाणी आणि चाटवणारे बोट यांपैकी एक जरी अस्वच्छ असले तरी जंतू थेट बाळाच्या पोटात जातात, म्हणून या काळात गुटी टाळणेच योग्य. पुढे वरचे अन्न सुरू केल्यावर दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा, कारण बाटलीच्या बुचात अडकलेले दूध नीट निघत नाही. पेज, खिमट ताजे करून भरवावे आणि वाटीत उरलेले पुन्हा देऊ नये.

पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. फडक्याने गाळल्यास गाळ अडतो, जंतू अडत नाहीत.

जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची लस बाळ 6, 10 आणि 14 आठवड्यांचे झाल्यावर तोंडावाटे दिली जाते व सरकारी लसीकरणात ती मोफत मिळते. हा विषाणू थंडीतही जुलाब घडवतो, त्यामुळे केवळ पावसाळ्यात काळजी घेऊन भागत नाही.

एवढे करूनही जुलाब लागलेच, तर अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे बंद करू नये. ओआरएसची (जलसंजीवनीची) मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून चमच्या-चमच्याने पाजावी आणि 24 तासांनी उरलेले पाणी फेकून द्यावे. आशाताई किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्याव्यात, जुलाब आधी थांबले तरीही. शीतून रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, सतत उलटी होणे किंवा मूल मलूल होऊन दूध न ओढणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच वेळी दवाखान्यात न्यावे आणि वाटेतही ओआरएस पाजत राहावे.