६० च्या पुढे घूं-घूं आवाज: शेवटी चाकाचं बेअरिंगच निघालं

सातारा-कराड हायवेवर ६० च्या पुढे कारच्या पुढच्या बाजूने घूं-घूं सुरू. न्यूट्रल केलं तरी तसाच, म्हणजे इंजिन नाही. टायर अदलाबदल, अलाइनमेंट, ब्रेक पॅड सगळं झालं. पैसे गेले, आवाज राहिला.

यवतेश्वर घाटात धागा सापडला. डाव्या वळणाला आवाज वाढायचा, उजव्याला जवळजवळ बंद. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून संशय पुढच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं तो भाग).

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढचं चाक जॅकने उचलून खाली स्टँड, मग न्यूट्रल. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर: बोटांना बारीक खरखर लागली. डावीकडे काहीच नाही. चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) नव्हता. त्यावरच मेकॅनिक ‘बेअरिंग ओके’ म्हणत होता.

नवीन बेअरिंग प्रेसवरच (दाबून बसवणारं मशीन) बसवून घ्या, हातोड्याने ठोकू देऊ नका. अॅक्सल नट (चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट) नवा, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायचा.