मित्रांसोबत पहिलं राफ्टिंग: कोलाडच्या कुंडलिकेत उतरताना

कोलाडला राफ्टिंगला जायचं ठरलं की आधी नदीचं वेळापत्रक समजून घ्या. रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिकेत पावसाळा सोडला तर राफ्ट, म्हणजे फुगवलेली रबरी होडी, नेण्याइतकं स्वतःचं पाणी नसतं. ते येतं घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणातून. सह्याद्रीच्या कड्यावरून मोठमोठ्या नळांतून ते भिऱ्याच्या टाटांच्या वीजगृहात उतरतं, तिथली जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. मुळा नदीचं हे पाणी खरं तर भीमेला मिळून पूर्वेकडे जायचं, पण वीज करून ते पश्चिमेला उतरतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. याच धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ पासून मावळातले शेतकरी लढले आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, तो मुळशी सत्याग्रह. पुण्याहून ताम्हिणी घाटाने आलात तर हा जलाशय रस्त्यालगतच दिसतो. तिथे दहा मिनिटं थांबा. ज्या पाण्यावर दुसऱ्या दिवशी तरंगणार आहात, ते तिथे किती शांत असतं ते पाहून ठेवा.

एवढं सांगायचं कारण असं की पाणी साधारण सकाळी सोडतात आणि त्या दिवसाच्या सगळ्या राफ्ट त्या पाण्यासोबतच निघतात. तुम्हाला उशीर झाला तर पाणी थांबत नाही. मुंबईहून कोलाड साधारण १२० किलोमीटर आहे, पण मुंबई-गोवा महामार्गावर पहाटे निघून वेळेत पोहोचू या हिशेबावर विसंबू नका. आदल्या रात्री कोलाड परिसरातच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पाणी सुटणार आहे ना, हे राफ्टिंग चालवणाऱ्यांना संध्याकाळी फोन करून विचारा. वीजगृहाच्या कामामुळे कधी कधी पाणी येत नाही. धरणावर चालणाऱ्या या व्यवस्थेचा फायदाही मोठा आहे: ऐन मे महिन्यात, बाकीच्या नद्या आटलेल्या असताना, कुंडलिका खळाळत असते.

आधी गटाशी बोला

माझ्या मते पहिल्या राफ्टिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम घरी बसून होतं. कुणाला पोहता येत नाही, कुणाला दमा आहे, कुणाला फिट्स येतात, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, कुणाचा खांदा निखळतो, हे प्रत्येकाला एकेकटं विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे सगळेच होकाराचा अंगठा टाकून मोकळे होतात. हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर त्या व्यक्तीने राफ्टमध्ये बसू नये. दमा असेल तर डॉक्टरांना विचारून यावं, आणि पंप पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत गाईडकडे द्यावा. १४ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, म्हणून भाच्या-पुतण्यांना आधीच आशा लावू नका.

पोहता न येणं ही मात्र अडचण नाही. लाइफ जॅकेट नीट बांधलं तर ते तरंगवतं. पण ही गोष्ट गाईडला सांगायलाच हवी. आमच्यातल्या एका मैत्रिणीला पाण्याची खूप भीती होती. तिने ती लपवली नाही, म्हणून गाईडने तिला मागे स्वतःजवळ बसवलं. तिसऱ्या खळाळानंतर, म्हणजे खडकांवरून उसळणाऱ्या पाण्याच्या तिसऱ्या टप्प्यानंतर, ती आमच्यापेक्षा जास्त ओरडत होती, आनंदाने. आणि कुणी ऐनवेळी 'मी येत नाही' म्हणालं तर 'चल रे, काही होत नाही' म्हणून त्याला ओढू नका. तो काठावरच्या रस्त्याने गाडी घेऊन पुढे येईल, फोटो काढेल.

आदल्या रात्रीची दारू हा वादाचा विषय होतो. माझं मत पक्कं आहे: राफ्टिंग होईपर्यंत नको. अर्धवट झोप आणि सुकलेलं अंग घेऊन उन्हात दोन तास वल्हवता येत नाही. गाईडची हाक कानावर पडून हात हलेपर्यंत जो क्षण जातो, तो नदीत फार मोठा असतो.

चालवणाऱ्यांना काय विचारावं

दर सगळीकडे जवळपास सारखेच असतात, त्यामुळे शंभर रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा चार प्रश्न विचारा. गाईड प्रशिक्षित आहे का आणि त्याला प्रथमोपचार येतात का? सोबत सुरक्षेसाठी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, असते का? प्रत्येक राफ्टमध्ये बचावाची दोरी असते का? एका राफ्टमध्ये किती जण बसवता? गाईड सोडून सहा ते आठ जण ठीक. त्याहून जास्त कोंबत असतील तर नको म्हणा. उत्तर द्यायला कंटाळा करणाऱ्याकडे पैसे भरू नका.

कुंडलिकेतले खळाळ, म्हणजे रॅपिड, साधारण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे आहेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजणीत पहिली श्रेणी सगळ्यात सौम्य आणि सहावी जवळपास अशक्य. पहिल्या वेळेला दुसरी-तिसरी अगदी योग्य. अंतर साधारण १२ ते १४ किलोमीटर, आणि पाण्यात दोन तासांच्या आसपास वेळ जातो.

काय घालावं

जीन्स नको. भिजली की जड होते आणि मांड्यांना घासते. लवकर वाळणारी ट्रॅक पँट किंवा शॉर्ट्स, वर पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. साधी चप्पल पहिल्याच लाटेला वाहून जाते. अंगठ्या, साखळी, मंगळसूत्र, कानातले डूल काढून ठेवा, कारण दोरीत काहीही अडकू शकतं. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. मोबाइल गाडीतच राहू द्या. गाडीची किल्ली कुणाच्याही खिशात ठेवू नका, काठावर थांबणाऱ्याकडे द्या.

नाश्ता निघायच्या दीड-दोन तास आधी, हलका. पोहे, उपमा, केळं. मिसळ परत आल्यावर.

जॅकेट आणि हेल्मेट

या भागात घाई करू नका. जॅकेटचे सगळे बंद खालून वर आवळत या. मग मित्राला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून जोरात वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे. श्वास घेता येतो पण आरामात वाटत नाही, इतकं घट्ट हवं. हेल्मेट कपाळ झाकून बसलं पाहिजे, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम दोन बोटं जावीत.

आमच्यातल्या एकाने फोटोत बरं दिसावं म्हणून मधल्या संथ पाण्यात बंद सैल केले आणि पुन्हा आवळायचे विसरला. पुढच्या लाटेत तो पडला तेव्हा जॅकेट वर गेलं आणि त्याचं नाकतोंड जॅकेटच्या आत पाण्याखाली राहिलं. गाईडने काही सेकंदांत त्याला ओढलं, पण त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून संथ पाणी लागलं की आम्ही एकमेकांचे बंद तपासतो.

राफ्टमध्ये

काठावर गाईड पंधरा-वीस मिनिटं सूचना देतो, तेव्हा सेल्फी बाजूला ठेवा. हाका इंग्रजीतच असतात: 'फॉरवर्ड' म्हटलं की पुढे वल्हवायचं, 'बॅक' म्हटलं की उलटं, 'स्टॉप' म्हटलं की वल्हं वर, आणि 'गेट डाउन' म्हटलं की राफ्टच्या तळाशी बसून कडेची दोरी धरायची. या चार हाका उतरण्याआधी काठावरच सगळ्यांनी मिळून दोनदा करून बघा.

बसायचं ते राफ्टच्या बाहेरच्या फुगीर कडेवर. पाऊल आतल्या आडव्या नळीखाली किंवा तळाच्या खाचेत अडकवायचं. आत, मधोमध बसावंसं वाटतं, पण तिथून वल्हं पाण्याला पोहोचतच नाही. वल्ह्याचा एक हात खाली दांड्यावर, दुसरा वरच्या टी आकाराच्या मुठीवर, आणि हा वरचा हात कधीच सुटू द्यायचा नाही. मोकळी मूठ शेजाऱ्याच्या दातांवर आदळते. राफ्टिंगमध्ये लोक वल्ह्यांनीही जखमी होतात.

वल्हवायचं कंबरेतून पुढे झुकून, नुसत्या दंडांनी नाही. आणि सगळ्यांनी एका तालात, समोर बसलेल्या दोघांकडे बघून. राफ्ट पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर तिला वळवता येत नाही. पाण्यापेक्षा वेगात असेल, किंवा उलटं वल्हवून मागे रोखलेली असेल, तेव्हाच ती गाईडचं ऐकते. म्हणून लाट दिसली की गाईड 'फॉरवर्ड' ओरडतो. नेमकं तेव्हाच नवखे घाबरून वल्हं वर उचलतात आणि हात आत घेतात. पाण्यात रोवलेलं वल्हं तुम्हाला आधार देतं, हवेतलं देत नाही. भीती वाटली तर आणखी जोरात वल्हवा.

थोडं नदीकडेही बघायला शिका. दोन खडकांमधून पाणी उतरतं तिथे पुढच्या दिशेला निमुळती होत गेलेली गुळगुळीत जीभ दिसते. ती वाट. टोक तुमच्याकडे करून पाणी फाकत असेल तर तिथे खाली खडक आहे. खडकाच्या मागे पाणी उलटं फिरून शांत होतं, आणि गाईड राफ्ट थांबवायला तिथेच नेतो. हे ओळखू आलं की दुसऱ्या तासात नदी वेगळीच दिसू लागते.

पडलात तर

पडाल असं धरूनच चला. डोकं वर आलं की आधी राफ्ट शोधा. ती हाताशी असेल तर कडेची दोरी धरा. वर येताना डोक्याला राफ्टचा तळ लागला तर गोंधळू नका. हाताने तळ ढकलत एकाच दिशेने सरकत राहा, बाहेर याल. राफ्ट लांब असेल तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्यावर, म्हणजे खडक आला तर पायाने ढकलता येतो.

वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाणी कमरेइतकंच असलं तरी नाही. तळाच्या दगडांत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं, आणि मग डोकं वर काढता येत नाही. हे एकच वाक्य मित्रांकडून पाठ करून घ्या.

बचावाची दोरी आली तर ती दोन्ही हातांनी छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका. दोरी खांद्यावरून घेऊन पाठीवर तरंगत राहा, ते ओढून घेतील. पडलेल्याला तुम्ही वर घेत असाल तर हात ओढू नका. त्याच्या जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरा, गुडघे राफ्टच्या कडेला टेकवा आणि स्वतः मागे पडा. तो तुमच्या अंगावर येऊन पडेल.

शेवटच्या टप्प्यात पाणी संथ होतं आणि गाईड उतरून तरंगायला परवानगी देतो. नक्की उतरा. पोहता न येणाऱ्यांनीही, जॅकेट घट्ट करून, कडेची दोरी धरून. दोन्ही काठांना झाडी, वर सह्याद्रीची भिंत, आणि कान पाण्यात बुडल्यावर तळातल्या गोट्यांचा बारीक आवाज.

बाहेर आल्यावर

कोरडे कपडे आणि पंचा काठावरच्या गाडीत तयार असू द्या. भरपूर पाणी प्या, भिजल्याने तहान लागल्याचं कळत नाही. खांदे आणि दंड दुसऱ्या दिवशी दुखतील. मित्रांना लगेच पुढची नदी हवी असेल तर गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालतं. ऋषिकेशला गंगेवर शिवपुरीपासूनचा टप्पा नवख्यांना झेपतो, मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तिथे राफ्टिंग बंद असतं.

आणि ज्याला परतीची गाडी चालवायची आहे त्याला जेवल्यावर तासभर झोपू द्या. विशेषतः ताम्हिणीतून जाणार असाल तर.