सांगलीच्या अंगणात सफरचंद: मेख आहे ती पानगळीत

सफरचंदाला थंडी लागते म्हणून आळ्यात बर्फ ओतायचा सल्ला कुणी दिला, तर त्यालाच सरबत करून द्या. थंडी मोजतात ते फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा; मुळं नव्हेत.

डिलिशस ही थंड मुलखातली जात विसरा. तिला सात अंशांखालचे हजारभर तास लागतात, ते इथं कुठून आणणार? अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन किंवा हिमाचलातल्या बिलासपूरची एचआरएमएन-99 अशी कमी थंडीत भागणारी जात घ्या. अ‍ॅनाला परागासाठी शेजारी डॉर्सेट असलेली बरी. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत वरंब्यावर लावा, कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवा. पहिली दोन वर्षं फळाचं नाव काढू नका.

खरं घोडं अडतं ते त्यानंतर. आपल्याकडे झाड भर हिवाळ्यातही पानं टाकत नाही, आणि पान आहे तोवर त्याच्या बेचक्यातला डोळा सहसा फुटत नाही. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. जावा बेटावर बाटूचे बागायतदार पानं हाताने उतरवतात. आपणही तेच करायचं. डिसेंबर लागला की पाणी तोडा. आटपाडीकडे डाळिंबाला देतात तसा ताण, पण हलका. कोवळ्या फांदीची साल सुरकुतली तर ताण जास्त झाला, लगेच पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत पान निबर होतं. तेव्हा देठाचा तुकडा फांदीवर ठेवून कात्रीने कापा. खाली ओरबाडलंत तर सालीसकट डोळाही सोलून येतो. कापलेला देठ पुढे आपोआप गळतो.

छाटणीला द्राक्षवाल्या शेजाऱ्याला बोलावू नका. ऑक्टोबर छाटणीचा हात बसलेला माणूस प्रत्येक काडी आखूड करतो, आणि सफरचंदाची फुलं येणारे आखूड खुंटही उडवतो. वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्याच काढा. उभ्या वाढलेल्या सुतळीने ओढून आडव्या बांधा. कापाला बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी एक लिटर. द्राक्षबागेत डोळे फोडायला वापरून उरलेलं हायड्रोजन सायनामाइड मात्र अंगणात आणूच नका. ते विषारी आहे, आणि ते हाताळल्यावर दारू घेतली तर जिवावर बेततं.

मग शेणखत आणि पाणी. फळं सुपारीएवढी झाली की घोसात एकच ठेवा.

जूनच्या तोंडावर फळ उतरवा. लाली भरायची वाट बघत बसू नका. इथल्या उकाड्याच्या रात्रींत ती पुरती चढत नाही.