जुन्या स्नोमोबाइलचा ट्रॅक बदलण्याआधी

सपाट वाटांवरची जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, खोल बर्फात न्यायची तर तिचा ट्रॅक, म्हणजे खाली फिरणारा रबरी पट्टा, मोठा लावावा लागतो. त्यात पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. जुन्या ट्रॅकवर छापलेले आकडे उतरवून घ्या: रुंदी, लांबी आणि लगची (बाहेरच्या बाजूच्या, बर्फात रुतणाऱ्या रबरी दातांची) उंची, सगळं इंचांत. सपाट केलेल्या वाटांसाठी बनलेल्या जुन्या गाडीवर बहुधा १५ × १२१ × १.२५ असं काहीतरी सापडेल. पिच, म्हणजे आतल्या दोन लागोपाठच्या लगांमधलं अंतर, कुठे दिसली नाही तर ट्रॅकच्या आतल्या बाजूला एका लगच्या मध्यापासून त्यापुढच्या दहाव्या लगच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून दहाने भागा. जुन्या गाड्यांत उत्तर बहुतेकदा २.५२ येतं, पुढच्या काळातल्या गाड्यांत २.८६ किंवा ३. ड्रायव्हरची (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाची) पिच आणि ट्रॅकची पिच एकच हवी. इथे चूक झाली तर पुढचं सगळं मुसळ केरात.

जाहिरातीतला अडीच इंची लग बघून हात शिवशिवतात, पण किमती बघायला बसण्याआधी टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या बोगद्यात, डोकवायचं. मागचं अंग स्टँडवर उचला, टॉर्च घ्या आणि ट्रॅक पुढे ड्रायव्हरवरून वळतो तिथे लगच्या टोकापासून सर्वांत जवळच्या वस्तूपर्यंतचं अंतर मोजा. ती वस्तू बहुधा कूलर (इंजिन थंड ठेवणारा भाग) असते, नाहीतर एखाद्या रिव्हेटचं डोकं. ट्रॅक हाताने फिरवत अख्खी फेरी तपासा. या अंतरातून नव्या-जुन्या लगमधला फरक वजा करायचा, मात्र जुन्या लगची छापील उंची धरू नका. झिजून आज जेवढी उरली आहे तेवढीच धरा. वजाबाकीनंतर निदान अर्धा-पाऊण इंच मोकळा राहायला हवा, कारण वेगात ट्रॅक फुगतो आणि कूलरला घासला तर नुकसान फक्त रबराचं राहत नाही.

जागा कमी पडली तर ९ दातांचे ड्रायव्हर काढून ८ दातांचे घालता येतात. २.५२ पिचवर त्यामुळे त्रिज्या साधारण ०.४ इंचाने घटते, म्हणजे वर तेवढी जागा मिळते. गिअरिंगही ११ टक्क्यांच्या आसपास खाली येतं, ते खोल बर्फात हवंच असतं. स्पीडोमीटर मात्र त्यानंतर थापा मारायला लागेल. ड्रायव्हर बदलतच असाल तर ट्रॅकच्या खिडक्यांत, म्हणजे भोकांत, दात घालून ओढणारे एक्स्ट्रोव्हर्ट प्रकारचे बघा, दात चुकून उडी मारण्याचा त्रास कमी होतो. त्यांच्याबरोबर ट्रॅक पूर्ण क्लिपवाला, म्हणजे प्रत्येक खिडकीच्या कडेला धातूची क्लिप असलेला, घ्या.

आता लग. माझ्या मते १२१ इंची जुन्या गाडीला १.५ ते १.७५ पुरे. आखूड ट्रॅकवर फार उंच लग लावला की गाडी पुढे जाण्याऐवजी स्वतःसाठी खड्डा खणते; बर्फावर तरंगायला लांबी लागते. खर्च करायचाच असेल तर तो १३६ इंचांवर करा. पंधरा इंच वाढले की मागचा अक्ष साडेसात इंच मागे सरकतो, म्हणजे रेलचे (ट्रॅक आतून ज्यांवर सरकतो त्या दांड्यांचे) वाढीव तुकडे हवेत, आणि टनेल व मागचा बर्फ अडवणारा पडदा, म्हणजे स्नो फ्लॅपही लांबवायला लागतात. लगचं रबर भुसभुशीत बर्फासाठी मऊ घ्यायचं, वसंतातल्या जड ओल्या बर्फासाठी थोडं कडक. स्टड, म्हणजे पकडीसाठीचे धातूचे खिळे, नकोत, खोल बर्फात ते निव्वळ वजन.

मोठा ट्रॅक फिरवायला इंजिनाला जोर लागतो, म्हणून चेनकेसमधला (इंजिनाचा जोर साखळीने ट्रॅककडे नेणाऱ्या पेटीतला) वरचा गिअर लहान करा आणि त्या जोडीला चेनच्या कड्या किती लागतील ते आधीच मोजा. ड्रायव्हर ज्यावर बसतात तो ड्राइव्हशाफ्ट बाहेर येणारच आहे, तर त्याची बेअरिंगं, सील, चेनकेसचं गॅस्केट आणि तेल हेही त्याच यादीत टाका. जुनी बेअरिंगं तशीच ठेवून नवा ट्रॅक चढवणं म्हणजे दुप्पट मजुरीला आमंत्रण. रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे हायफॅक्स, झीजरेषेजवळ आल्या असतील तर नव्या घ्या. या पट्ट्यांना वंगण बर्फाचंच मिळतं. कडक वाटेवरून जाऊन मग खोल बर्फात शिरणार असाल तर आइस स्क्रॅचर, म्हणजे वाटेवरचा बर्फ खरवडून ट्रॅककडे उडवणाऱ्या तारा, लावा, पट्ट्या आणि कूलर दोन्ही थंड राहतात.

ट्रॅक चढवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवा, मग स्टँडवर हळू फिरवून क्लिप आणि हायफॅक्समधली फट दोन्ही बाजूंना सारखी करा. तेव्हा मागे कुणीही उभं राहायचं नाही. ट्रॅकने फेकलेला एक सुटा क्लिपही गोळीसारखा येतो.

सस्पेन्शनचं पुढचं टोक धरून ठेवणारा लिमिटर पट्टा थोडा सैल केला की गाडीचं पुढचं अंग उचलतं आणि खोल बर्फात बरं पडतं, पण स्कीवरचा भार घटून वळणं कच्ची होतात. तेव्हा एकेक भोकच बदला. उतारांवर जाणार असाल तर प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा हिमस्खलन ट्रान्सिव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवं, आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचलेला हवा.

पहिल्या फेरीत लांब जाऊ नका. नवा ट्रॅक ताणला जातो, म्हणून परत आल्यावर ताण आणि फट पुन्हा मोजा, सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा आणि टनेलच्या आत ताजे घासल्याचे ओरखडे आहेत का ते टॉर्चने बघा.