पहिल्या दिवसाच्या गर्दीवर जाऊ नका (लहान पोरांसाठी रोबोट बनवणाऱ्यांना)

सर्वो मोटर, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग तुम्हाला येतंय असं धरून लिहितेय. मी यात पडले तेव्हा पहिलं अख्खं वर्ष चुकीच्या गोष्टीमागं घालवलं, अजून आठवलं की पोटात कालवतं.

आमचा रोबोट फूटभर उंच, मान हलवणारा, डोळ्यांच्या जागी दोन छोटे स्क्रीन. मानेचा ब्रॅकेट उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी करून दिला. कोल्हापुरातल्याच एका बालवाडीत नेला तर पहिल्या दिवशी पोरांनी वेढाच घातला, मॅडमनी व्हिडिओ काढले, मी घरी येऊन आईला सांगितलं, जमलं! नवव्या दिवशी तो कोपऱ्यात एकटाच मान हलवत होता आणि पोरं खिडकीतनं कुत्र्याची पिल्लं बघत होती.

याला नवलाई म्हणतात, लळा नाही. हा फरक मला कुणी ओरडून सांगायला पाहिजे होता म्हणून मी ओरडून सांगतेय. जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत संशोधकांनी रोबोव्ही नावाचा रोबोट दोन आठवडे ठेवला होता, 2004 साली त्यावरचा पेपर (शोधनिबंध) आला, तिथंही पहिल्या आठवड्यातली गर्दी दुसऱ्या आठवड्यात ओसरली. आणि तो रोबोट तर पोरांच्या अंगावरच्या टॅगवरून त्यांना ओळखून नावानं हाक मारायचा! पुढं त्याच संशोधकांनी दोन महिन्यांचा प्रयोग केला, त्यात जो पोरगा जास्त वेळ येईल त्याला रोबोट हळूहळू नवीन गोष्टी दाखवायचा, आपली गुपितं सांगायचा. म्हणजे नातं पुढं सरकत होतं.

मी काय केलं? गाणी वाढवली, नाच वाढवला. प्रत्येक नवा नाच दोन दिवस चालायचा, परत कोपरा.

मग एका मुलीनं सांगितलं की आमच्या म्हशीला रेडकू झालंय. दुसऱ्या दिवशी रोबोटनं तिला विचारलं, "रेडकू उभं राहिलं का गं?" ती खाली फतकल मारून बसली आणि दहा मिनिटं बोलत राहिली. ते वाक्य खरं तर पडद्यामागं बसून मीच टाइप केलेलं. सुरुवात अशीच करा, लाज वाटायचं काही कारण नाही, संशोधनातही ही पद्धत सर्रास वापरतात. नंतर पोरांना ओळखायचं काम मी कॅमेऱ्यावर सोपवलं आणि त्यानं तिला दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारली. चार दिवस ती जवळ आली नाही. ओळख पक्की नसेल तर नाव घेऊच नका, नुसतं "आलीस होय" म्हटलं तरी पोरं खूश होतात.

तयार चॅटबॉट जोडला की झालं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, चार पोरं एकदम बोलली की माइकला काय कळणार? आणि पेपर किती झाले एवढंच विचारणाऱ्या संशोधनाच्या गाइडपेक्षा बालवाडीच्या मावशींजवळ आठवडाभर बसा. कुठलं पोर कधी रुसतं हे त्यांना विचारा.

घाबरू नका, गणित कच्चं असलं तरी जमतं, माझं होतंच.

पण एका बाबतीत मी कडकच बोलणार. 2024 च्या डिसेंबरमध्ये मॉक्सी हा पोरांशी गप्पा मारणारा रोबोट बनवणारी अमेरिकन कंपनी बंद पडतेय असं जाहीर झालं. तो रोबोट क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालायचा, त्यामुळं तो गप्प होणार हे आईबापांना पोरांना समजावून सांगावं लागलं. त्याआधी 2019 मध्ये जिबो या घरगुती रोबोटचंही असंच झालेलं. पोराला लळा लावायचा आणि सर्व्हरचं बिल थकलं की मित्र गायब, हे मला पटतच नाही. आठवणी रोबोटमधल्या मेमरी कार्डवरच ठेवा, आईबापांची लेखी परवानगी घ्या, आणि प्रयोग संपणार असेल तर पोरांना आठवडाभर आधी सांगा. आम्ही सांगितलं होतं. ती रेडकूवाली रोज येऊन "अजून किती दिवस?" विचारायची आणि रोबोट बोटं दाखवू शकत नाही म्हणून तितक्या वेळा डोळे मिटायचा.