क्रूझवर पैसे देऊन जेवायला जाताय? रेस्टॉरंट निवडताना या चुका टाळा

खान्देशातून क्रूझला निघालेलं कुटुंब सहसा चार जणांचं नसतं. आप्पा आणि जिजी असतात, दोन भावांची बिऱ्हाडं असतात, पुण्याहून येऊन मिळणारी आत्या असते. त्यात कुणी माळकरी, कुणाला अंडं चालतं पण ताटात दिसलेलं चालत नाही, आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या पुतण्याला पोहणारं-उडणारं सगळंच चालतं. एवढ्या मंडळींचं तिकीट काढताना एजंट सांगतो, "जेवणखाण सगळं त्यातच आहे." ते खरंही असतं. मुख्य डायनिंग रूम, बुफे, पिझ्झाचा काउंटर यांचे पैसे तिकिटातच गेलेले असतात. पण मोठ्या जहाजांवर याखेरीज वेगळे पैसे घेणारी रेस्टॉरंटंही असतात: इटालियन, जपानी, स्टेकहाउस, कुठे मेक्सिकन. त्यांना स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणतात. जहाजावर पाऊल ठेवल्याबरोबर कुणीतरी हसतमुखाने त्यांचं माहितीपत्रक हातात ठेवतं, आणि तिथल्या तिथे, फोटो बघून बुकिंग होऊन जातं.

अशा ठिकाणी एक संध्याकाळ जरूर घालवावी. फक्त कुठे, कधी आणि मुख्य म्हणजे कुणी, हे घरूनच ठरवून जावं.

सगळी पंगत एकत्रच बसली पाहिजे, हा हट्ट

बाकीच्या बहुतेक चुका या एका हट्टातून निघतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून शेतातल्या भरीत पार्टीपर्यंत सगळे एकत्र जेवतात, म्हणून जहाजावरही आठच्या आठ माणसं त्या जपानी रेस्टॉरंटात न्यायची. मग काय होतं? चौघं चवीने खातात, दोघं भात चिवडत बसतात, जिजी पाणी पिते आणि आप्पा खालच्या आवाजात विचारतात, "हाई काय शे रे भो, इतलं फिक्कं?" पैसे मात्र आठांचे लागतात. यातल्या बऱ्याच रेस्टॉरंटांत माणशी ठरलेली रक्कम असते. तुम्ही पाच पदार्थ खा नाहीतर नुसतं सूप प्या, आकडा तोच.

त्यापेक्षा टेबल फोडा. ज्यांना खरोखर ते जेवण हवंय ते चौघं तिकडे जाऊ द्या. उरलेले मुख्य डायनिंग रूममध्ये बसतील, आणि नंतर सगळे नाटकाला किंवा वरच्या डेकवर भेटतील. आई-बापाला टाकून गेल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. पण मुख्य डायनिंग रूम म्हणजे काही दुय्यम खाणावळ नव्हे. तिथेही पांढरा टेबलक्लॉथ असतो, जेवण एकेक कोर्स करत टेबलावर येतं आणि मेनू रोज बदलतो. ठरलेल्या वेळेचं डायनिंग घेतलं असेल तर वाढणारा माणूसही सहसा रोज तोच असतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्याला आप्पांना ताक लागतं हे पाठ झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट एजंट क्वचितच सांगतो. बऱ्याच जहाजांवर भारतीय कर्मचारी भरपूर असतात, त्यात गोव्याचे तर हमखास. पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठून "उद्या आम्हाला डाळ, एक सुकी भाजी आणि रोटी मिळेल का?" असं विचारलं, तर अनेकदा दुसऱ्या संध्याकाळी ती समोर येते, जादा पैसे न देता. ऐन जेवायला बसल्यावर मागितली तर मिळेलच असं नाही. स्वयंपाकघराला एक दिवस द्यावा लागतो.

सगळ्यांनी मिळूनच जायचं असेल तर माणशी रक्कम घेणारं ठिकाण सोडा आणि पदार्थागणिक पैसे घेणारं शोधा. तिथे चार ताटल्या मागवून मधे ठेवता येतात. किंवा जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशीचं दुपारचं जेवण बघा. काही कंपन्या त्या दिवशी हीच रेस्टॉरंटं दुपारी उघडतात आणि रात्रीपेक्षा दर कमी ठेवतात.

टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर गेला असाल तर आधी टूर मॅनेजरला विचारा. ग्रुपचं भारतीय जेवण ठरलेल्या वेळी ठरलेल्या हॉलमध्ये असतं. त्याच वेळेचं दुसरीकडे बुकिंग केलंत तर एक जेवण वाया जातं.

नावावरून मेनू ओळखला, असं समजणं

स्टेकहाउसपासून सुरुवात करू. तिथलं मुख्य जेवण म्हणजे बीफचे वेगवेगळे तुकडे. आपल्याकडे मटण-कोंबडी आवडीने खाणाऱ्या घरांतही ते चालत नाही. चिकन किंवा मासा यादीत असतो, पण त्यासाठी स्टेकहाउसचा दर देण्यात मतलब नाही. शाकाहारी माणसाच्या वाट्याला मॅश्ड पोटॅटो, मशरूम आणि भाजलेले शतावरीचे देठ येतात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं चॉप्स ग्रिल, कार्निव्हलचं फॅरनहाइट ५५५, नॉर्वेजियनचं कॅग्नीज ही सगळी या जातीची. मेनू नीट वाचा.

इटालियन सगळ्यात सोपं. पोरं पास्ता खातात, मोठ्यांनाही टोमॅटो आणि चीज ओळखीचं वाटतं. तरी काटेकोर शाकाहारी घराने चार गोष्टी विचाराव्यात. अस्सल पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवरच (दूध फाडणाऱ्या अर्कावर) बनतं. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. मिनेस्ट्रोने सूप भाज्यांचं दिसलं तरी त्याचा स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, मांसाचा असू शकतो. तिरामिसूत अंडं असतं, बरेचदा दारूही. पन्ना कोटा हा गोड पदार्थ जिलेटिनने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या पदार्थाने, घट्ट केलेला असतो. यातलं काय चालतं आणि काय नाही, ही ज्याची त्याची गोष्ट. पण खाऊन झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

चिनी-थाई-जपानी ठिकाणी "व्हेज" या शब्दावर विसंबू नका. जळगावच्या गाडीवरचं व्हेज मंचुरियन आणि जहाजावरचं खरंखुरं आशियाई जेवण यांचा फारसा संबंध नाही. भाज्यांच्या स्टर-फ्रायमध्ये ऑयस्टर (कालवांचा) सॉस, थाई करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट आणि करीत फिश सॉस, मिसो सूपच्या पाण्यात वाळवलेल्या माशाचा अर्क, हे तिथे मीठ-मोहरीइतकं साधं असतं. वेटरला नुसतं "नो मीट" सांगून भागत नाही. "नो फिश सॉस, नो ऑयस्टर सॉस, नो स्टॉक" असं नाव घेऊन सांगावं लागतं.

तेप्पानयाकीवर थोडं जास्त बोलतो, कारण पोरं तिथेच ओढून नेतात. मोठा सपाट लोखंडी तवा, त्याभोवती बसलेली माणसं, आणि समोर उलथणी हवेत फिरवणारा शेफ. तो अंडं उलथण्यावर झेलतो, कांद्याच्या चकत्यांची उतरंड रचून तिच्यात तेल ओतून जाळ काढतो. मजा येते, यात वाद नाही. पण तवा एकच असतो. त्यावर कोळंबी, कोंबडी, बीफ आणि तुमच्या भाज्या, सगळं शेजारी शेजारी परततात. शेजारच्या खुर्च्यांवर अनोळखी प्रवासी असतात, त्यांचं काय चालू आहे हे तुम्हाला नाकासमोर दिसतं. विनंती केली तर शाकाहारी ताट आतल्या स्वयंपाकघरातून बनवून आणतात, पण मग ज्यासाठी गेलो तो तमाशा आपल्या ताटाचा नसतो. माळकरी माणसाला तिथे नेऊ नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे. पुतण्यांना खुशाल पाठवा.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर ही अडचण बरीच कमी होते. मुख्यतः भारतीय प्रवाशांसाठी चालणारी कंपनी असल्याने तिथे जैन जेवणाची सोय असते आणि वाढणाऱ्याला "कांदा-लसूण नको" हे हिंदीत सांगता येतं. परदेशी कंपनीच्या जहाजावर मात्र जैन किंवा काटेकोर शाकाहारी जेवण हवं असेल तर ते तिकीट काढतानाच लेखी नोंदवून घ्या. आणि हे लक्षात असू द्या की अशी नोंद मुख्य डायनिंग रूमपर्यंत पोचते; स्पेशालिटी रेस्टॉरंटला ते पुन्हा वेगळं कळवावं लागतं.

पंचांग न बघता तारीख टाकणं

क्रूझ बहुधा दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत होते. दिवाळी चातुर्मासात येते, हे बुकिंगच्या गडबडीत घरातली तरुण मंडळी विसरतात. कांदेनवमीपासून कांदा-लसूण-वांगी सोडलेली जिजी कार्तिकी एकादशीपर्यंत, आणि वांग्याच्या बाबतीत चंपाषष्ठीपर्यंत, काही ऐकत नाही. एरवी भरितावर जीव टाकणारं माणूस तिथलं ग्रिल्ड एगप्लांट बघून मान फिरवतं. भाऊबीजेनंतर जहाज असेल तर एकादशी कुठल्या दिवशी येते ते आधी कॅलेंडरात बघा. उपासाच्या दिवशी बुफेवर फळं, दही, उकडलेला बटाटा मिळतो आणि निभावून जातं. त्या रात्रीचं पैशांचं बुकिंग म्हणजे शुद्ध नुकसान.

सिंगापूरहून जहाज असेल तर घड्याळही बघा. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे पोटाचे दुपारचे साडेतीन. पहिल्या दिवशी लवकरची वेळ घेतली तर कुणालाच भूक नसते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांचं गणित मात्र उलटं चालतं. तिथे वर्षभर सातच्या आसपास सूर्य मावळतो आणि ही रेस्टॉरंटं साडेपाच-सहाला उघडतात, म्हणून त्यांनी पहिलीच वेळ धरावी.

बंदरावर उतरायचं असेल त्या दिवशीचं बुकिंग टाळा. फुकेत नाहीतर पिनांग पायाखाली घालून आलेली माणसं आंघोळ करून आडवी होतात. शेवटची रात्रही नको. तेव्हा बॅगा भरून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. या जेवणाला दीड-दोन तास सहज जातात, म्हणून त्या रात्रीच्या नाटकाची वेळ आधी बघून घ्या.

कव्हर चार्ज म्हणजेच पूर्ण बिल, असा समज

कव्हर चार्ज म्हणजे रेस्टॉरंटची माणशी ठरलेली रक्कम. समजा, ती ५० डॉलर लिहिली आहे. सहा मोठी माणसं म्हणजे ३०० डॉलर. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप लावतात, म्हणजे आणखी ५४. झाले ३५४. डॉलर ९० रुपयांना धरला तर ३१,८६० रुपये, आणि कार्डावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. शीतपेय, खास कॉफी, वाइन याचे पैसे बहुधा निराळेच. कव्हर चार्ज भरूनही मेनूत काही पदार्थांपुढे छोटा आकडा छापलेला दिसला, तर तो त्या पदार्थाचा जादा दर असतो.

अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर निघण्याआधी बुकिंग केलं तर दर बरेचदा कमी असतो. रद्द करायचं असेल तर साधारण २४ तास आधी. त्यानंतर पैसे परत येत नाहीत. तीन-चार रात्रींच्या सफरीला रोज बाहेर जेवण्याचं पॅकेज घेऊ नका. मुळात रात्री तीन-चारच, त्यातली एक एकादशीने नाहीतर थकव्याने जाणार.

पोरांचं वय न विचारणं

काही रेस्टॉरंटं फक्त मोठ्यांसाठी असतात. डिस्नीच्या जहाजांवरचं पालो हे १८ वर्षांखालच्यांना घेतच नाही, आणि ते जहाज तर पोरांसाठीच निवडलेलं असतं! बाकी ठिकाणी लहानांना वेगळा, कमी दर असतो, अगदी छोट्यांना बरेचदा काहीच नाही. कुठल्या वयापर्यंत, ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

कपड्यांचंही बघून ठेवा. साडी, पंजाबी ड्रेस, कुर्ता, सगळं चालतं. हाफ पँट आणि स्लीपर घालून आलेल्या काकांना मात्र दारातूनच परत पाठवतात.

जहाजावर गेल्यावर घोळ झालाच तर

मनासारखी वेळ मिळाली नाही? रेस्टॉरंट उघडताना स्वतः दाराशी जाऊन विचारा. आठ जणांचं टेबल मिळत नाही, चौघांची दोन मिळतात. पहिल्या रात्री बहुतेक प्रवासी बुफेकडे धावतात, त्यामुळे तेव्हा जागा सहज मिळते; कधी सवलतही असते.

जेवण फिकं लागलं तर वेटरकडे चिली फ्लेक्स, टबॅस्को किंवा कापलेली हिरवी मिरची मागा, संकोच नको. घरून न्यायचंच असेल तर सीलबंद पाकिटातली शेव, चिवडा आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर, इंडक्शन तर अजिबात नको. आगीच्या भीतीने ते सामानाच्या तपासणीतच काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. डाळबट्टीचा बेत केबिनमध्ये जमणार नाही.

मागवलेलं आवडलं नाही तर दोन घास खाऊन गप्प बसू नका. बदलून दुसरं देतात, आणि ठरावीक दराच्या ठिकाणी त्याचे सहसा जादा पैसे लागत नाहीत. ताटात चुकून मांस आलं तर वेटरशी वाद न घालता हेड वेटरला बोलवा. निर्णय त्याच्या हातात असतो.

बिल रूमच्या खात्यावर चढतं आणि सही करताना कुणी आकडा वाचत नाही. पावतीवर सेवाशुल्क आधीच लागलेलं असतं, तरी खाली टीपसाठी एक रिकामी ओळ असते. ती कोरी ठेवली तरी चालते. रोज रात्री अ‍ॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर खातं बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जा. शेवटच्या सकाळी तिथे रांग लांबलचक असते, आणि तुम्हाला भुसावळकडची गाडी नाहीतर विमान गाठायचं असतं.