दात सुंदर करायचे पैसे डेंटल इन्शुरन्स देतो का? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

माझ्या वरच्या पुढच्या चार दातांवर २००७ सालापासून पोर्सेलिनचे व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेले पातळ पापुद्रे, आहेत. त्यांचे ४,८०० डॉलर मी पदरचे भरले आणि त्या वर्षी दिवाळीला घरी जाणं रद्द केलं. डेंटल इन्शुरन्स तेव्हाही होता, दर पगारातून त्याचे पैसे कापले जात होते. न्यू जर्सीत नव्याने आलेली आपली मुलं-मुली दरवर्षी मला याबद्दलच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ. बोरिंगचं पाणी पिऊन आम्ही वाढलो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवं, पाण्याची दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५. कायमचे दात जबड्यात तयार होत असतात त्या लहान वयात जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दाताच्या वरच्या कवचात, इनॅमलमध्ये, कायमचा दोष राहतो. मग पांढुरके पट्टे, पिवळे-तपकिरी डाग. कितीही घासा, जात नाहीत. गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण शेजारच्याचेही दात तसेच. इथे ऑफिसात ग्रुप फोटो निघायचा तेव्हा मी ओठ मिटून उभी राहायचे.

दातांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, ‘आम्ही हे तुमच्या इन्शुरन्सकडे पाठवू.’ मला वाटलं, इन्शुरन्स पैसे देणार. मी ट्रीटमेंट प्लॅनवर सही केली. त्यांनी क्लेम पाठवला, बोलल्याप्रमाणे. काही आठवड्यांनी पत्र आलं: उपचार कॉस्मेटिक आहे, देय रक्कम शून्य. मी सही केलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की इन्शुरन्सने जे दिलं नाही ते पेशंट भरेल. ‘पाठवू’ आणि ‘मिळतील’ यांत काय अंतर आहे, ते आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर माझी सही तिथे झाली नसती. तुमची होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

थोडक्यात उत्तर असं: दात नुसते दिसायला चांगले व्हावेत म्हणून केलेल्या उपचाराचे पैसे जवळपास कोणताही डेंटल प्लॅन देत नाही. दात पांढरे करणं (ब्लीचिंग), निरोगी दातांवर व्हिनियर लावणं, दोन दातांमधली फट केवळ फोटोसाठी बुजवणं, हे सगळं त्यात आलं. मोजके प्लॅन ब्लीचिंगला थोडी रक्कम देतात किंवा नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी दर ठरवलेल्या, डॉक्टरकडे सवलत मिळवून देतात, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

मात्र तोच उपचार कारण बदललं की कॉस्मेटिक राहत नाही. समोरचा दात किडला, खेळताना तुटला, रूट कॅनल करून ठिसूळ झाला, तर त्यावरची कॅप (इथे क्राउन म्हणतात) प्लॅनमध्ये बसते. ती सुंदर दिसते म्हणून तिचे पैसे नाकारले जात नाहीत. त्याच दातावर फक्त रंग आवडत नाही म्हणून तीच कॅप बसवली तर नाकारले जातात. इन्शुरन्स कंपनी बघते ते दाताला आजार आहे किंवा तो मोडला आहे का, आणि ते एक्स-रेमध्ये, फोटोत, डॉक्टरच्या नोंदीत दिसतं का. फ्लोराइडचे डाग बहुतेक प्लॅन ‘दिसण्याचा प्रश्न’ याच खात्यात टाकतात. इनॅमलला खड्डे पडून त्यात कीड शिरली असेल तर त्या किडलेल्या जागी भरायच्या फिलिंगचे पैसे मिळतात, डागाचे नाहीत.

आता प्लॅनची रचना समजून घ्या, कारण आपल्याकडच्या मेडिक्लेमची सवय इथे चालत नाही. नोकरी लागल्यावर साधारण ३० दिवसांच्या आत मेडिकल, डेंटल, व्हिजन हे तीन वेगवेगळे निवडायचे असतात. मेडिकल घेतलं म्हणजे दात आले असं होत नाही. डेंटल पीपीओ प्लॅनचं (ज्यात नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडेही जाता येतं) सर्रास दिसणारं गणित १००-८०-५० असं असतं: तपासणी, एक्स-रे, वर्षातून दोनदा क्लीनिंग याचे शंभर टक्के, फिलिंगसारख्या साध्या कामाचे ऐंशी टक्के, कॅप, ब्रिज, कवळी यांचे पन्नास टक्के. रूट कॅनल काही प्लॅनमध्ये ऐंशीत असतं, काहींत पन्नासात. वर साधारण ५० डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे कंपनी द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्षाची कमाल मर्यादा, बहुधा १,००० ते २,००० डॉलर. मेडिकलमध्ये एका रकमेनंतर तुम्ही द्यायचं थांबता. डेंटलमध्ये एका रकमेनंतर कंपनी द्यायचं थांबते. दोन कॅपा झाल्या की वर्षाचे पैसे संपले, असं सहज होतं. म्हणून मोठं काम असेल आणि डॉक्टरच्या मते थांबणं धोक्याचं नसेल, तर अर्धं डिसेंबरात आणि अर्धं जानेवारीत करा, दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. तुमच्या प्लॅनचं वर्ष जानेवारीतच सुरू होतं ना, एवढं बघून घ्या.

पन्नास टक्के म्हणजेही बिलाच्या पन्नास नव्हेत. समजा कॅपचं बिल १,४०० डॉलर, पण नेटवर्कचा ठरलेला दर १,०००. त्यातून ५० डिडक्टिबल गेले, उरलेल्या ९५० चे निम्मे म्हणजे ४७५ कंपनी देते. तुम्ही भरता ५२५. डॉक्टर नेटवर्कबाहेरचा असेल तर वरचे ४०० सुद्धा तुमच्याच माथी.

दिसण्याचा प्रश्न आणखी एका जागी लपलेला असतो, आणि तिथे नवे लोक हमखास फसतात. मागच्या दाढेत दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं, तर बरेच प्लॅन पैसे देतात ते जुन्या पद्धतीच्या चांदीच्या फिलिंगच्या दराने. कारण त्यांच्या लेखी मागे पांढरं हवं ही तुमची आवड. समजा पांढऱ्याचा दर २०० आणि चांदीचा १३०. कंपनी १३० चे ऐंशी टक्के, म्हणजे १०४ देते, तुम्हाला वाटलेले ४० न लागता ९६ लागतात. दाढेवरच्या पोर्सेलिनच्या कॅपलाही काही प्लॅन धातूच्या कॅपचाच दर लावतात. याला डाउनग्रेड म्हणतात. प्लॅनच्या कागदपत्रांत ‘अल्टरनेट बेनिफिट’ या नावाने ते कलम असतं. तो शब्द शोधून वाचा.

भारतात दाढ काढून आलेल्यांनी ‘मिसिंग टूथ क्लॉज’ही शोधावा. हे कलम असेल तर प्लॅन सुरू होण्याआधी गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायला पैसे मिळत नाहीत. पुण्याला चार वर्षांपूर्वी काढलेली दाढ इथल्या कंपनीच्या दृष्टीने तुमची जुनी गोष्ट. सगळ्याच प्लॅनमध्ये हे कलम नसतं, म्हणून निवडतानाच बघा. स्वतः विकत घेतलेल्या प्लॅनमध्ये मोठ्या कामांसाठी ६ ते १२ महिने थांबण्याची अट पुष्कळदा असते, कंपनीमार्फतच्या ग्रुप प्लॅनमध्ये ती कमी दिसते.

दातांना तार लावण्याचा हिशेब वेगळा असतो. ऑर्थोडॉन्टिक्सची मर्यादा वर्षाची नसून आयुष्यभराची असते, पुष्कळ ठिकाणी १,००० ते २,००० डॉलरच्या आसपास, आणि बरेच प्लॅन ती १९ वर्षांखालच्या मुलांनाच देतात. तुम्हाला स्वतःला क्लिअर अलायनर (तारेऐवजीचे पारदर्शक साचे) लावायचे असतील तर प्लॅनमध्ये ‘अडल्ट ऑर्थो’ आहे का विचारा. पैसे एकरकमी मिळत नाहीत, उपचार चालू असेल तसे हप्त्याने मिळतात. मधेच नोकरी बदलली की जुन्या कंपनीचे हप्ते थांबतात, आणि नवी कंपनी ‘उपचार आधीच सुरू झाला होता’ म्हणून नाकारू शकते. एच-वन-बीवर दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणारे आपले कितीतरी लोक आहेत, त्यांनी तार लावण्याआधी याचा विचार करावा. नाशिकला क्लिपा लावून अर्ध्या उपचारात इथे आलेल्या मुलांच्या आई-वडिलांनीही.

मैदानावर चेंडू लागून किंवा सायकलवरून पडून दात तुटला तर आधी मेडिकल इन्शुरन्सला फोन करा. धडधाकट नैसर्गिक दाताला अपघाताने झालेल्या इजेचा खर्च अनेक मेडिकल प्लॅन देतात, आणि तिथे डेंटलची छोटी मर्यादा आड येत नाही. त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरला तारीख आणि घटना नोंदवायला सांगा.

या सगळ्यावर माझा एकच आग्रह आहे. कोणतंही मोठं काम सुरू करण्याआधी डॉक्टरकडून प्री-डिटर्मिनेशन मागा. दवाखाना एक्स-रे, फोटो आणि उपचाराचे कोड कंपनीला पाठवतो, आणि कंपनी लेखी कळवते की यातलं काय बसतं आणि किती पैसे मिळतील. दोन-तीन आठवडे लागू शकतात. ती शंभर टक्के हमी नसते, कारण मधल्या काळात मर्यादा संपली किंवा नोकरी सुटली तर आकडा बदलतो. पण कॉस्मेटिक ठरणार असेल तर ते आधीच कळतं. ट्रीटमेंट प्लॅनच्या कागदावर प्रत्येक कामापुढे ‘डी’ने सुरू होणारा कोड असतो. दवाखान्यातल्या ब्लीचिंगचा डी९९७२, पोर्सेलिन व्हिनियरचा डी२९६२, सिरॅमिक कॅपचा डी२७४०. हे कोड घेऊन तुम्ही स्वतःही कंपनीला फोन करू शकता. फोनवर बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि कॉलचा संदर्भ क्रमांक वहीत लिहा.

कुणी सुचवेल की डॉक्टरला सांग, कीड होती असं लिही. तसं अजिबात करू नका. खोटं निदान लिहून क्लेम करणं हा विमा घोटाळा आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने असल्या कागदावर आपलं नाव येऊच देऊ नये. शिवाय एक्स-रे खोटं बोलत नाही.

पदरचे पैसे घालायचेच असतील तर त्याचेही मार्ग आहेत. एफएसए किंवा एचएसए या आरोग्यखर्चासाठी पैसे बाजूला ठेवायच्या खात्यांमधून करमुक्त पैशाने कॅप, तार, फिलिंग यांचा खर्च भागतो. एफएसएची वर्षाची मर्यादा २०२५ साली ३,३०० डॉलर होती, आणि त्यातले न वापरलेले पैसे बहुतांशी बुडतात, म्हणून रक्कम विचाराने ठरवा. ब्लीचिंग मात्र यात बसत नाही, आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेत ते स्पष्ट नाकारलेलं आहे. डेंटल कॉलेजांत अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त जातो पण दर कमी असतात. आमच्या भागात नुआर्कला रटगर्सचं आणि मॅनहॅटनमध्ये एनवाययूचं कॉलेज आहे. दवाखान्यात मिळणाऱ्या ‘बिनव्याजी’ कार्डाबाबत सावध राहा. अनेक कार्डांत ठरलेल्या मुदतीत सगळी रक्कम फिटली नाही तर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, आणि दर जबर असतो.

भारतात जाऊन करून घेऊ, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच. क्लीनिंग, फिलिंग, एखादी कॅप यासाठी तो ठीक आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत सहा-आठ व्हिनियर मात्र करू नका. त्यासाठी चांगल्या दाताचं इनॅमल खरवडावं लागतं आणि ते परत येत नाही. नंतर काही बिघडलं तर इथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नाखूश असतो. आणि व्हिनियर आयुष्यभर टिकत नाही. माझं एक २०२० मध्ये टवका उडून गेलं. मूळ काम कॉस्मेटिक होतं म्हणून बदलायलाही इन्शुरन्सने एक पैसा दिला नाही. हा खर्च पुन्हा पुन्हा येणार आहे हे २००७ साली कुणी सांगितलं असतं तर मी आधी मायक्रोअब्रेजनचा पर्याय विचारला असता. त्यात इनॅमलचा अगदी पातळ थर घासून वरवरचे डाग काढतात. फार खोल डागांना ते पुरत नाही, पण दात शाबूत राहतो.

माझा भाचा गेल्या वर्षी डलासला आला. त्याचे दात माझ्यासारखेच. पहिल्या महिन्यात फोन आला, ‘मावशी, इथले डॉक्टर सहा व्हिनियर सांगतायत, आज सही कर म्हणतात.’ मी म्हटलं, सही करू नकोस, प्री-डिटर्मिनेशन माग. अठरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. त्याने दुसऱ्या डॉक्टरला दात दाखवले, मायक्रोअब्रेजन आणि त्यानंतर ब्लीचिंग करून घेतलं, खर्च झाला ७४० डॉलर. खालच्या दोन दातांवर थोडा पट्टा राहिलाय, तो तसाच ठेवलाय. त्याच प्लॅनमधून शंभर टक्क्यांत क्लीनिंग झालं आणि एका दाढेत सुरू झालेली कीड सापडली. तिचं फिलिंग त्याला मार्चमध्ये करायचंय.